वाचकांचे प्रश्न : बायपोलर आजार आणि संशोधनातला सहभाग

बायपोलर आजारावरच्या (ज्यात मूड कधी उन्मादापर्यंत चढतो, तर कधी नैराश्यापर्यंत उतरतो) संशोधनात स्वतः सहभागी व्हावं का, घरच्या माणसाला होऊ द्यावं का, आणि चांगलं संशोधन ओळखायचं कसं, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नावं दिलेली नाहीत आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : सहा वर्षं लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेते आहे, गेली तीन वर्षं तब्येत स्थिर आहे. समाजमाध्यमावर 'बायपोलर असलेल्या व्यक्ती संशोधनासाठी हव्यात' अशी जाहिरात दिसली. मला मनापासून मदत करायची आहे, पण ही जाहिरात खरी आहे हे कसं ओळखू?

उत्तर : आधी नोंदणी क्रमांक शोधा. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला माणूस दाखल होण्याआधीच तिची सार्वजनिक नोंद झालेली असायला हवी. अमेरिकेची 'क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह' ही नोंदवही २००० सालापासून सर्वांना खुली आहे. तिथला क्रमांक 'एनसीटी' या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे आठ आकडे असतात. इतर अनेक देशांच्या स्वतंत्र नोंदवह्या आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शोधपानावर त्यांतल्या बऱ्याच एकत्र धुंडाळता येतात.

नोंद सापडली की ती जाहिरातीशी ताडून पाहा. संस्था तीच आहे का? भरती चालू आहे, की चाचणी केव्हाच संपली आहे? वयाची अट, कालावधी आणि ठिकाण जुळतं का? खऱ्या चाचणीचा क्रमांक उचलून त्याखाली भलताच फोन नंबर छापणं काही अवघड नाही. म्हणून जाहिरातीतल्या नंबरावर फोन करू नका. त्या रुग्णालयाचा किंवा विद्यापीठाचा मुख्य नंबर स्वतः शोधा आणि तिथून संबंधित विभागाकडे फोन जोडून मागा.

नुसती प्रश्नावली भरून घेणारे किंवा मुलाखती घेणारे अभ्यास अशा नोंदवहीत नसूही शकतात, आणि तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाहीत. अशा वेळी नैतिकता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, मंजुरी विचारा. समितीचं नाव, मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि समितीच्या सचिवांचा फोन या चार गोष्टी माहितीपत्रकावर असायला हव्यात. त्या सांगायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

सहभागासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले, पहिल्या भेटीआधी चालू औषध बंद करायला सांगितलं, 'नक्की फरक पडेल' असं आश्वासन दिलं किंवा 'आजच सही करा' अशी घाई केली, यांपैकी एक गोष्ट जरी घडली तरी नकार द्या. माहितीपत्रक घरी आणून निदान दोन दिवस जवळ ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. त्यात उद्देश, भेटींची संख्या, धोके, गोपनीयता, अपाय झाल्यास मिळणारे उपचार आणि भरपाई, केव्हाही बाहेर पडण्याची मुभा हे सगळं असावं. 'यात सहभागी झाला नाहीत तर कोणते उपचार उपलब्ध आहेत' हा परिच्छेद मुद्दाम वाचा. ज्या पत्रकात तो एका ओळीत उरकलेला असतो, ते लिहिणाऱ्याने तुमच्या बाजूने विचार केलेला नसतो.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. गेले आठ दिवस रात्री तीनच तास झोपतो, अखंड बोलतो. एका औषधाच्या चाचणीत नाव घालायचं म्हणून हटून बसला आहे. त्याला सगळी माहिती तोंडपाठ आहे. मग त्याची संमती का चालणार नाही?

उत्तर : आधी आजचं पाहा. आठ दिवस तीन तास झोप हे त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना आजच कळवायला हवं, पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका. चाचणीचा विषय तोवर बाजूला राहू द्या. तो जिवाचं काही करून घेण्याबद्दल बोलला, हिंसक झाला किंवा त्याने खाणंपिणं सोडलं, तर थेट तातडीच्या विभागात न्या.

आता संमतीबद्दल. निर्णयक्षमता चार गोष्टींनी मिळून होते: माहिती समजणं, ती आपल्यालाही लागू आहे हे उमगणं, फायदे-तोटे तोलता येणं आणि आपली निवड स्पष्ट सांगता येणं. उन्मादात पहिली आणि चौथी गोष्ट बऱ्याचदा शाबूत असते, गाडी अडते ती मधल्या दोन्हींवर. मुलगा धोक्यांची यादी घडाघडा म्हणून दाखवेल, पण 'मला काही होणार नाही' ही त्याची खात्री हलणार नाही. तीव्र नैराश्यात याच्या उलट घडतं. 'माझं काय व्हायचं ते होऊ दे' म्हणून माणूस सही करून मोकळा होतो. दोन्ही सह्यांमध्ये स्वतःच्या जिवाची किंमत तोललेलीच नसते.

याचा अर्थ बायपोलर आहे म्हणून संमतीचा हक्क जातो, असा मुळीच नाही. स्थिर असलेली व्यक्ती इतर कुणाही इतकीच समर्थपणे निर्णय घेते. क्षमता त्या दिवसाची, त्या निर्णयापुरती तपासायची असते. चांगला संशोधक 'समजलं ना?' असं विचारून थांबत नाही. तो म्हणतो, 'तुमच्यावर काय काय होणार आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. काय बिघडू शकतं? मधेच सोडलंत तर काय होईल?' आणि हे तो पुढच्या भेटींतही पुन्हा विचारतो, कारण या आजारात क्षमता चढते-उतरते.

काही संशोधन उन्मादाच्या अवस्थेतच करावं लागतं, नाहीतर उन्मादावरचं औषध सापडणारच नाही. तिथे कायद्याने मान्य असलेल्या नातेवाइकाची संमती लागते, त्याबरोबर रुग्णाचाही होकार लागतो, आणि तो बरा झाल्यावर त्याला सगळं पुन्हा समजावून नव्याने विचारावं लागतं. आजारात असतानाही तो 'नको' म्हणाला, तर त्या नकाराचा मान ठेवला गेला पाहिजे. तुम्ही आई म्हणून सही करताना 'मला काय वाटतं' यापेक्षा 'तो बरा असताना काय म्हणाला असता' याचा विचार करा.

तो सावरला की त्याच्याकडून एक पान लिहून घ्या. कोणत्या प्रकारच्या संशोधनाला माझी तयारी आहे (मुलाखत, रक्त, मेंदूचा स्कॅन, नवं औषध), कशाला अजिबात नाही (उदाहरणार्थ, चालू औषध थांबवणं), कोणती लक्षणं दिसली की माझा निर्णय ग्राह्य धरू नये आणि अशा वेळी कुणाला विचारावं, एवढं पुरे. तारीख, सही, दोन साक्षीदार, आणि एक प्रत डॉक्टरांकडे. असं पान कायद्याने किती बांधील असतं हे देशागणिक बदलतं. पण त्याच्या इच्छेचा पुरावा म्हणून ते तुमच्या आठवणीपेक्षा भक्कम असतं.

प्रश्न : चाचणीत मला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, मिळाली तर? आजारी माणसाला नुसती गोळी देणं नैतिक कसं?

उत्तर : कोणत्या रचनेत दिली जाते, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

सर्वांत कमी धोक्याची रचना जोड औषधाची. सगळ्यांची नेहमीची औषधं चालू राहतात, वरून कुणाला नवं औषध मिळतं, कुणाला प्लासिबो. दुसरी रचना तीव्र उन्मादाच्या चाचण्यांची. त्या साधारण तीन आठवड्यांच्या असतात आणि बऱ्याचदा रुग्णालयात दाखल करून केल्या जातात. तिथे प्लासिबो असला तरी डॉक्टर समोर असतात.

जपून विचार करावा लागतो तो तिसऱ्या रचनेचा. तिच्यात आधी सगळ्यांना औषध देऊन स्थिर करतात. मग चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी होते, निम्म्यांचं औषध चालू राहतं आणि निम्म्यांचं काढून प्लासिबोवर आणतात. आजार कुणाचा लवकर उलटतो ते मोजायचं असतं, म्हणजे काहींचा आजार उलटेल हे गृहीतच असतं. लिथियम एकदम थांबवलं तर पुढच्या काही महिन्यांत उन्माद परतण्याचा धोका वाढतो, हळूहळू कमी केल्यास तो कमी असतो. म्हणूनच ते किमान चार आठवड्यांत, जमल्यास तीन महिन्यांपर्यंत सावकाश उतरवण्याचा सल्ला दिला जातो. चाचणीच्या पत्रकात 'औषध शरीरातून जाऊ देण्याचा काळ' काही दिवसांचाच दिसला, तर विचारा: माझं औषध किती दिवसांत, किती मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी कमी करणार?

आणखीही विचारा. कोणत्या लक्षणाला किंवा लक्षणांच्या मापनात किती गुणांना मला चाचणीतून काढून नेहमीचे उपचार सुरू करणार? मधल्या काळात झोपेचं किंवा बेचैनीचं औषध मिळेल का? रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल? मला कोणती गोळी दिली आहे, हे तातडीच्या वेळी कोण उघड करू शकतं? संशोधकांपासून स्वतंत्र अशी सुरक्षा समिती मधूनमधून आकडे पाहते का, आणि तिला चाचणी थांबवण्याचा अधिकार आहे का? ही उत्तरं तोंडी मिळाली तर ती लिहून मागा.

लिथियमच्या 'डबल ब्लाइंड' चाचणीत, म्हणजे कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही आणि डॉक्टरांनाही माहीत नसतं अशा चाचणीत, एक बारकावा असतो. रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी मोजतात. दीर्घ उपचारात ती बहुतेकांसाठी ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, आणि १.५ च्या वर विषबाधेची भीती असते. गुप्तता राखण्यासाठी काही चाचण्यांत खरा आकडा एकच त्रयस्थ डॉक्टर पाहतो आणि बाकीच्यांना बनावट आकडे कळवले जातात. म्हणून चाचणीच्या कागदावरचा आकडा पाहून घरच्या डॉक्टरांनी मात्रा बदलू नये. आधी चाचणीच्या पथकाला फोन करावा. त्या काळात आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक स्वतःहून घेऊ नका, त्याने लिथियमची पातळी चढते. जुलाब-उलट्या झाल्या तरी लगेच कळवा.

प्लासिबो मुळात लागतोच कशाला, हाही रास्त प्रश्न आहे. बायपोलर नैराश्यात मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाला जोडून नैराश्यविरोधी गोळी देण्याची पद्धत रूढ होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ३६६ जणांमध्ये ती तपासली. टिकाऊ सुधारणा जोडगोळी घेणाऱ्यांत २३.५ टक्क्यांना झाली, प्लासिबो घेणाऱ्यांत २७.३ टक्क्यांना. म्हणजे जोडगोळीचा फायदा दिसला नाही. तुलनेला प्लासिबो नसता, तर सुधारलेल्या प्रत्येकाचं श्रेय त्या गोळीला गेलं असतं.

प्रश्न : माझे डॉक्टरच संशोधक आहेत. दहा वर्षं त्यांनी मला सांभाळलं आहे. 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही.

उत्तर : ही अडचण जुनी आहे आणि नियमांनी ती ओळखलेली आहे. १९६४ साली स्वीकारलेला आणि पुढे अनेकदा सुधारलेला हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं, सांगतो, की रुग्ण डॉक्टरांवर अवलंबून असेल तर संमती त्या नात्याबाहेरच्या जाणकार व्यक्तीने घ्यावी. तुम्ही एवढंच म्हणा, 'सर, याबद्दल मला दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचं आहे.' चांगल्या डॉक्टरांना याचं वाईट वाटणार नाही. नकार दिला तर चालू उपचारांत काहीही फरक पडणार नाही, हे वाक्य पत्रकात असावंच लागतं. नकाराचं कारण देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

प्रश्न : आम्ही बायपोलर असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट चालवतो. संशोधक आमच्याकडे सदस्यांची यादी मागतात. द्यावी का? चांगल्या संशोधनापर्यंत लोकांना पोचवण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर : यादी कुणालाही देऊ नका, संस्था कितीही मोठी असो. माहिती गटाकडून सदस्यांकडे जावी आणि ज्याला वाटेल त्याने स्वतः संशोधकांशी संपर्क साधावा. ही दिशा कधीच उलटू देऊ नका.

संशोधक आले की आधी कागद मागा: संशोधनाचा सोप्या भाषेतला आराखडा, सदस्य वाचू शकतील अशा भाषेतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र, नैतिकता समितीचं मंजुरीपत्र, नोंदणी क्रमांक आणि अपाय झाल्यास भरपाईची तरतूद. मंजुरीपत्रावर मुदत असते, ती उलटली नाही ना ते पाहा. एक गोष्ट हमखास निसटते: गटात वाटायच्या आवाहनाचा मजकूरही समितीने मंजूर केलेला असावा लागतो. संशोधकाने घाईत लिहिलेला निरोप जसाच्या तसा पुढे पाठवू नका.

मग दोन-तीन सदस्यांना, त्यांत एक स्वतः आजार असलेली व्यक्ती आणि एक नातेवाईक असावा, पत्रक वाचायला द्या. वाचून झाल्यावर त्यांना ते आपल्या शब्दांत सांगता आलं नाही, तर पत्रक परत पाठवा. दोष वाचणाऱ्यांचा नसतो. पैसा कुणाचा, औषध कमी किंवा बंद करावं लागणार का, भेटी किती, निवडीत नाकारलेल्यांना काय सांगणार आणि निकाल गटाला लेखी कधी देणार, हे विचारून उत्तरं आवाहनासोबतच सदस्यांना द्या.

माणशी रक्कम घेऊन सदस्य पाठवू नका. तसं केलं तर गटाच्या सल्ल्याला किंमत चिकटते आणि मग सदस्याने कुणावर विसंबावं? खोलीभाड्यासारखा खर्च संशोधकांनी दिला, तर तो आकड्यासह सर्वांना सांगा.

मनमोकळेपणाच्या बैठकीत संशोधकाला बसवू नका. वेगळी वेळ ठेवा, आधी कळवा, ज्याला यायचं नाही त्याला न येण्याची मोकळीक असू द्या. आवाहन आणि नाव देण्याची मुदत यांत निदान आठवडा जाऊ द्या. पहिल्या पाच मिनिटांत हात वर करणाऱ्यांत कुणी चढत्या अवस्थेत असू शकतं. आणि कोण सहभागी झालं, कोण नाही, हे गटात विचारू नका.

ज्यांना पुढेही अशी माहिती हवी आहे, त्यांची स्वतंत्र नोंद ठेवता येईल. तिच्यात नाव (टोपणनावही चालेल), संपर्क, फोनची सोयीची वेळ आणि कोणत्या प्रकारात रस आहे तेवढंच असावं, निदानाचा तपशील नको. परवानगी एका वर्षाची ठेवा, दर वर्षी पुन्हा विचारा, आणि एका निरोपावर नाव काढलं गेलं पाहिजे. ही नोंद दोघांपेक्षा जास्त जणांच्या हाती नसावी. ई-मेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे टाकू नका. असल्या एका चुकीने अनेकांचा आजार एका क्षणात उघड होतो आणि ती चूक परत घेता येत नाही. विषयाच्या ओळीत किंवा पाकिटावर आजाराचं नाव नको.

एवढं जमलं की एक पाऊल पुढे जा. संशोधन आखलं जात असतानाच गटातल्या कुणाला तरी तिथे जागा मागा, आणि त्या वेळेचं मानधनही मागा. औषधाने वाढलेलं वजन, मंदावलेली स्मरणशक्ती, झोप, नोकरी टिकवणं हे आजार जगणाऱ्यांचे रोजचे प्रश्न आहेत. आराखड्यात मात्र कित्येकदा लक्षणांचे गुणच मोजलेले असतात. आराखडा मंजूर झाल्यावर सुचवलेली दुरुस्ती क्वचितच आत शिरते.

प्रश्न : नैराश्याच्या चाचणीसाठी गेलो, 'गुण कमी आहेत' म्हणून परत पाठवलं. एकाने सांगितलं, लक्षणं थोडी वाढवून सांगायची. तसं करावं का?

उत्तर : नाही. नैराश्याच्या 'माद्रस' मापनात दहा बाबी असतात, प्रत्येकीला ० ते ६ गुण, एकूण ६०. उन्मादाच्या 'यंग' मापनात ११ बाबी, एकूण ६०. तीव्र आजाराच्या चाचण्यांत प्रवेशासाठी बऱ्याचदा २० किंवा त्याहून जास्त गुण लागतात. वाढवून सांगितलंत तर गरज नसलेल्या औषधाचे दुष्परिणाम तुम्ही अंगावर घ्याल. शिवाय फुगवलेले गुण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आपोआप उतरतात, प्लासिबो घेणारेही 'सुधारलेले' दिसतात आणि चांगलं औषधही निकामी ठरू शकतं.

नकार कायमचा नसतो. गेल्या काही आठवड्यांत औषधाच्या मात्रेत बदल, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा बिघाड, अलीकडचे आत्महत्येचे विचार, व्यसन अशी कारणं असू शकतात. कारण विचारून घ्या. आत्महत्येचे विचार हे कारण असेल, तर चाचणीच्या पथकाने नुसतं घरी पाठवणं पुरेसं नाही, उपचारांशी गाठ घालून देणं त्यांचं काम आहे. झोप, स्मरणशक्ती, जनुकं यांच्या अभ्यासांना स्थिर माणसंही हवी असतात. आजाराच्या प्रसंगांच्या तारखा, आजवरची औषधं मात्रेसह, लिथियमच्या पातळ्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइडचे अहवाल आणि औषधांच्या ॲलर्जी एका फाइलमध्ये तयार ठेवा. निवडीच्या भेटीत निम्मा वेळ याच गोष्टी आठवण्यात जातो.

प्रश्न : जनुकीय अभ्यासासाठी लाळ मागितली आहे. माझ्या मुलीला हा आजार होईल का, ते त्यातून कळेल का? आणि माहिती कुठे कुठे जाईल?

उत्तर : मुलीबद्दल त्यातून काही कळणार नाही. बायपोलर एका जनुकाने होत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४१,९१७ रुग्णांची आजार नसलेल्यांशी तुलना करून जनुकसंचात आजाराशी जोडलेल्या ६४ जागा सापडल्या. २०२५ च्या अभ्यासात १,५८,०३६ रुग्ण होते आणि २९८ जागा. प्रत्येक जागेचा वाटा अगदी लहान आहे. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच ते दहा धरतात, म्हणजे बहुसंख्य मुलांना तो होत नाही. आजवरचे नमुने बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. त्यामुळे इतर लोकसमूहांसाठी या निष्कर्षांचा उपयोग तोकडा पडतो, आणि तुमच्या नमुन्याचं मोल त्यामुळेच जास्त आहे.

लाळ देण्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, धूम्रपान करू नका. साधारण दोन मिलिलिटर लागते, फेस मोजत नाहीत. लिथियमने तोंड कोरडं पडत असेल तर घाई करू नका, किंवा रक्ताचा पर्याय विचारा.

'नाव काढून टाकू' या शब्दांवर थांबू नका. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक दिला असेल, तर किल्ली, म्हणजे कोणता क्रमांक कुणाचा याची यादी, कुणाकडे तरी असते आणि नमुना मागे घेता येतो. किल्ली नष्ट केली की मागे घेणं शक्य नाही. जनुकीय माहिती पूर्णपणे निनावी होत नाही आणि ती तुमच्या भावंडांबद्दलही काही सांगते. नमुना किती वर्षं ठेवणार, इतर देशांतल्या संशोधकांना किंवा कंपन्यांना देणार का, दुसऱ्या एखाद्या आजाराचं निदान हाती लागलं तर तुम्हाला कळवणार का, हे विचारा. विमा कंपनीला अशी माहिती मागता येते की नाही, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतं. सही करण्याआधी पथकाकडून ते लेखी घ्या.

प्रश्न : मोबाइलवर ॲप टाकून मूड नोंदवायचा अभ्यास निरुपद्रवी असतो ना?

उत्तर : शरीराला सहसा असतो. पण कोणती माहिती आपोआप गोळा होते ते पाहा: ठिकाण, कॉलची वेळ, टायपिंगचा वेग, झोप. मजकूर आणि आवाज ध्वनिमुद्रित होतो का? सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, रात्री तुम्ही 'जगावंसं वाटत नाही' असं नोंदवलंत तर ते कुणी वाचणार आहे का, आणि किती वेळात? बऱ्याच अभ्यासांत नोंदी नंतर एकत्र तपासतात. तसं असेल तर ॲपला मदतीचा मार्ग समजू नका. तातडीचा नंबर वेगळा जवळ ठेवा.

प्रश्न : मूल हवं आहे. सहभागी होता येईल का?

उत्तर : नव्या औषधाच्या चाचण्यांत सहसा गर्भनिरोधनाची अट असते. पण गरोदरपणातल्या औषधांच्या नोंदी ठेवणारे निरीक्षण-अभ्यास असतात. त्यांत कोणतंही नवं औषध दिलं जात नाही. व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवणारं आणखी एक औषध) चालू असेल तर मूल राहू देण्याआधीच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात ते घेतल्यास शंभरातल्या सुमारे दहा बाळांमध्ये जन्मजात दोष आणि तीस ते चाळीस मुलांमध्ये वाढीच्या अडचणी दिसतात. तरीही स्वतःहून ते एकदम बंद करू नका.

प्रश्न : सहभागाचे पैसे मिळतात. घेणं चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. प्रवास, बुडालेला दिवस, त्रास यांचा मोबदला रास्त आहे. तो भेटीगणिक मिळावा. सगळी रक्कम शेवटच्या भेटीला बांधलेली असेल, तर त्रास होत असूनही माणूस थांबून राहतो. रक्कम इतकी मोठी वाटत असेल, की तिच्यासाठी तुम्ही धोक्याकडे काणाडोळा कराल, तर सही करू नका.

प्रश्न : मधेच सोडायचं असेल तर कसं सोडायचं? आणि दोन वर्षांपूर्वी एका चाचणीत होतो, तिचा निकालच कळला नाही, त्याचं काय?

उत्तर : सोडण्याचा हक्क कधीही, कारण न देता वापरता येतो. गोळ्या मात्र त्याच दिवशी फेकून देऊ नका. फोन करून सांगा, 'मला बाहेर पडायचं आहे, औषध कसं उतरवायचं?' लॅमोट्रिजिन (बायपोलरवरचं एक औषध) पाचेक दिवसांहून जास्त चुकलं तर पुन्हा पूर्ण मात्रेने सुरू करायचं नसतं. ते परत अगदी कमी मात्रेपासून चढवावं लागतं, नाहीतर त्वचेवर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. सुरक्षिततेसाठीची शेवटची तपासणी करून घ्या. तोवर जमलेली माहिती सहसा वापरली जाते, पण नमुने नष्ट करा असं तुम्ही लेखी सांगू शकता. ज्या औषधाने गुण आला ते चाचणी संपल्यावर मिळणार का, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारायचं असतं.

निकालासाठी जुन्या संमतीपत्रावरचा नोंदणी क्रमांक घेऊन नोंदवही पाहा, बऱ्याच चाचण्यांचे निकाल तिथेच टाकलेले असतात. हेलसिंकी जाहीरनाम्याप्रमाणे प्रतिकूल निकालही जाहीर व्हायला हवेत. मुख्य संशोधकांना पत्र लिहून दोन गोष्टी मागा: निकालाचा सोप्या भाषेतला सारांश, आणि तुम्हाला कोणती गोळी मिळाली होती ते. दुसरी गोष्ट तुमच्या डॉक्टरांना द्या. एखादं औषध तुमच्यावर आधीच वापरून झालं आहे की नाही, हे पुढचे उपचार ठरवताना त्यांना कळायला हवं. महिन्याभरात उत्तर आलं नाही, तर तोच क्रमांक आणि तुमच्या संमतीची तारीख लिहून नैतिकता समितीच्या सचिवांना पत्र पाठवा.